सीलंटने गोळी अडते का? गोळी न झाडता असं तपासा

गळक्या टाकीला फासायचा रबरी सीलंट जाड थापला की गोळीसुद्धा अडवतो असं दाखवणारे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. मीही बघितले आणि मग स्वतःच करून बघितलं. बंदूक सोडा, छऱ्याची एअरगनपण नको, कारण रबरावर आपटून छर्रा उलटा आपल्याच तोंडावर येऊ शकतो.

आधी आकडा डोक्यात ठेवा. ९ एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास ५०० ज्यूल ऊर्जा. गोळीऐवजी आपण १ किलोचा गज २ मीटरवरून सोडला तर फक्त २० ज्यूल मिळतात. त्यामुळे २० ज्यूललाच फाटलं तर पुढचा वाद संपला, पण टिकलं म्हणून गोळी अडेल असं मात्र अजिबात नाही.

सगळ्यात जास्त चुका कोट देताना होतात. मी पहिल्यांदा घाईत एकदमच ५ मिमीचा थर ओतला, दुसऱ्या दिवशी वरून मस्त कडक वाटला, अंगठा दाबला तर साय फाटावी तशी वरची कातडी फाटली आणि आतून चिकट लगदा बाहेर. हा सिलिकॉनचा सीलंट हवेतल्या ओलाव्यावर सुकतो, दिवसाला जेमतेम २-३ मिमी, म्हणून पातळ कोट द्या आणि मध्ये दिवसभर थांबा (खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो).

तुकडे तीन करा: नुसता पुठ्ठा, सीलंट लावलेला पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याशिवाय नुसता सीलंटचा पत्रा, जो प्लास्टिकच्या कागदावर थापून सोलून काढता येतो. हा तिसरा विसरू नका, कारण व्हिडिओत बऱ्याचदा अडवतं मागचं लाकूड आणि कौतुक होतं सीलंटचं. मागे मऊ क्लेचा जाड गोळा ठेवा, २ मीटरचा पीव्हीसी पाईप उभा बांधा, गजाच्या टोकाला खिळा घट्ट बसवा आणि वरून सोडा. गॉगल घाला, सोडताना खाली कुणाचा हात नको.

माझ्या सीलंटच्या पत्र्यावर वरून फक्त पेनाचा टिपका पडल्यासारखं दिसत होतं, मी खूशच झालो. पत्रा उचलला तर खाली क्लेमध्ये खिळ्याचं सरळ खोल भोक! रबर ताणून बाजूला झालं, खिळा गेला आणि मग परत मिटलं. व्हिडिओतही भोक दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं गोळी अडली. बुलेटप्रूफ जॅकेटमधले केव्हलारसारखे धागे ताण सहन करण्यात साध्या सिलिकॉनच्या हजारपटीहून जास्त दमदार असतात, तिथे आपला टाकीचा सीलंट काय करणार.

पण हे मिटणं कामाचंय बरं का. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या इंधन टाक्यांना रबराचे थर असायचे ते गोळी अडवायला नाही, ती आरपार गेल्यावर भोक बुजवायला. हेही बघायचं असेल तर प्लास्टिकच्या बाटलीला तीन-चार कोट द्या, पाणी भरा, खिळा खुपसून बाहेर ओढा. माझ्या बाटलीतून आधी चिळकांडी उडाली, मग थेंब थेंब, आणि थोड्या वेळाने तेही थांबलं.