धावणं वाढलं तशी चिडचिड वाढली, त्यावर लागू पडलेला उपाय

लांब पल्ल्याचा सराव सुरू झाला की काही आठवड्यांत झोप तुटक होते, दुपारी डोळे मिटायला लागतात, घरच्यांवर उगाच आवाज चढतो. दोष बहुतेक वेळा अंतराचा नसतो, वेगाचा असतो. आपण ज्याला 'हळू' म्हणतो ते धावणं मध्यम वेगाचं असतं, आणि शरीर सावरायच्या आत पुढचा दिवस उजाडतो.

माझ्या बाबतीत हे जमलं: आठवड्यातले ५ पैकी ४ दिवस इतकं सावकाश धावायचं, की धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता यावं. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. चढावर सरळ चालायचं. सुरुवातीला कमीपणा वाटतो, पण खरा फरक इथेच पडतो. पाचव्या दिवशी १५ मिनिटं अंग गरम करून ३ मिनिटं जोरात, २ मिनिटं हळू, असं ५ वेळा. तेही झोपेच्या किमान ३ तास आधी आटपायचं.

सकाळी अंथरुणातच, उठून बसण्याआधी, मनगटावर दोन बोटं ठेवून ६० सेकंद नाडी मोजायची. अंगठा वापरू नका, त्याचीच नाडी जाणवते. आठवड्याची सरासरी ५४ असताना ६२ आली, तर त्या दिवशी जोरात धावणं रद्द.

दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर एक तृतीयांशाने कमी करायचं, अंगात कितीही उत्साह असला तरी.