आर्क्टिक आणि वाळवंटाच्या हवामानाची तुलना करायचीय? आधी पाणी बघा, तापमान नंतर

आर्क्टिक आणि वाळवंट म्हटलं की बहुतेक जण लगेच तापमान मांडतात, एक गोठलेलं एक भाजलेलं, झाला विषय. पण असं केलं की त्यातलं सगळ्यात भारी काहीतरी निसटतं, म्हणून माझं सांगणं असं की थर्मामीटर थोडा वेळ बाजूला ठेवा.

पहिलं काम, दोन गावं निवडा. अख्खे प्रदेश घेऊ नका, हिशोब लागत नाही. मी अलास्कातलं उत्कियाग्विक (आधी बॅरो म्हणायचे) आणि नेवाडातलं लास वेगास घेते, कारण दोन्हीकडचे आकडे नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेकडे फुकट मिळतात. फक्त सरासरी दोन्हीकडे त्याच ३० वर्षांची घ्या, १९९१ ते २०२०. हे मी उगाच सांगत नाहीये, उत्कियाग्विक इतक्या झपाट्याने तापलंय की २०१७ मध्ये नोआच्या कॉम्प्युटरने तिथले आकडे चुकीचे समजून आपोआप बाजूला काढले होते, आणि आकडे बरोबर होते!

आता वर्षभराचा पाऊस बघा. लास वेगास साधारण १०५ मिमी, उत्कियाग्विक १३५ मिमीच्या आसपास. वाळवंटाची ढोबळ मर्यादा २५० मिमी धरतात, म्हणजे दोघंही तिच्या बरंच खाली. इथे बर्फाची जाडी तशीच पावसात मिळवू नका हं, बर्फ वितळून जेवढं पाणी होईल तेवढंच धरायचं, ढोबळमानाने १० सेंमी ताज्या बर्फाचं १ सेंमी पाणी. त्यातही वाऱ्याने बराच बर्फ मापकात पडतच नाही, त्यामुळे आर्क्टिकचा खरा आकडा नोंदीपेक्षा जास्त असतो.

मग प्रश्न पडायलाच हवा, पाणी जवळपास सारखंच कमी, तरी एकीकडे कोरडी ठणठणीत जमीन आणि दुसरीकडे उन्हाळ्यात जिकडे बघावं तिकडे तळी आणि चिखल, असं का? माझ्या मते अख्ख्या तुलनेचा जीव इथेच आहे. पाऊस ही जमा झाली, खर्चही मांडा, म्हणजे बाष्पीभवन. लास वेगासजवळच्या लेक मीडमधून वर्षाला साधारण २ मीटर उंचीचं पाणी उडून जातं, म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या जवळपास २० पट! उत्कियाग्विकला थंडीमुळे पाणी फार उडत नाही, आणि खाली शेकडो मीटर कायम गोठलेली जमीन, उन्हाळ्यात वरचा अर्धा मीटर जेमतेम वितळतो, मग पाणी मुरणार कुठे, ते वरच साचून राहतं.

हवेतली आर्द्रता बघताना टक्क्यांवर जाऊ नका. आर्क्टिकला ८० टक्के दिसलं म्हणून हवा दमट असं नाही. ३० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, शून्याला ५, मायनस २० ला जेमतेम १. त्या १ ग्रॅमचे ८० टक्के म्हणजे किती ते बघा. म्हणून ग्रॅममध्येच तुलना करा.

आता तापमान काढा, पण नुसती सरासरी नको, चढउतार बघा. लास वेगासला जुलैत दुपारी ४० आणि पहाटे २७-२८, म्हणजे एका दिवसातच १२ अंशांचा फरक. उत्कियाग्विकला दिवस-रात्रीत त्याच्या निम्माच, कारण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात जवळपास ६५ दिवस उगवत नाही, मग दिवस काय आणि रात्र काय. तिथला खरा चढउतार वर्षाचा, फेब्रुवारीत मायनस २५ च्या जवळ, जुलैत ५.

कोपेनचा हवामान कोड, म्हणजे तापमान आणि पावसावरून ठिकाणाच्या हवामानाला दिलेली अक्षरं, मात्र सगळ्यात शेवटी बघा. लास वेगास बीडब्ल्यूएच म्हणजे उष्ण वाळवंट, उत्कियाग्विक ईटी म्हणजे टुंड्रा. या पद्धतीत सगळ्यात गरम महिना १० अंशाच्या खाली असला की ठिकाण थेट ध्रुवीय गटात जातं, कोरडं आहे का हे विचारलंच जात नाही. आधीच कोड बघून बसलात तर दोघांमधला पावसाचा सारखेपणा तुम्हाला दिसणारच नाही.