टाकीआधी बाटली

या महिन्यात मंडळातल्या तिसऱ्या घरी ग्लोफिश, म्हणजे जनुक बदलून चमकणारे केलेले शोभेचे मासे, यायचे आहेत. तेच सगळं तिसऱ्यांदा फोनवर सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून लिहून टाकतो. यादीच आहे, पण क्रम माझ्या डोक्यात आहे तसा. पहिली वस्तू टाकी नव्हे, मासे तर नव्हेतच. पहिली वस्तू म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन मोडणारी कंडिशनरची बाटली. ती आधी आणा, सिंकखाली ठेवा आणि मग पुढचं वाचा.

का ते सांगतो. डोंबिवलीला आमच्याकडे गप्पींची टाकी होती. अण्णा शनिवारी रात्री नळाचं पाणी बादलीत भरून गॅलरीत ठेवायचे आणि रविवारी सकाळी तेच टाकीत ओतायचे. 'क्लोरीन उडून जातं', एवढंच आमचं शास्त्र. ते चूकही नव्हतं. साधं क्लोरीन उघड्या बादलीतून खरंच उडून जातं. मी इथे टेक्सासात, ऑस्टिनमध्ये तेच केलं, आणि इथल्या नळाला येतं ते क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडी. पाइपमधून लांबवर जाताना टिकून राहावं म्हणूनच ती वापरतात. मैलोन्‌मैल पाइपात जे टिकतं ते माझ्या बादलीत एका रात्रीत कशाला उडेल? हा प्रश्न मला मासे मेल्यावर पडला.

टाकीच्या खोक्यात कंडिशनरची एक छोटी पुडी आली होती, पहिलं पाणी तिच्यावर निभावलं. पुढच्या रविवारी अर्धं पाणी बदललं, अण्णांच्या पद्धतीने. दुपारी तीनच्या सुमारास सहाही झेब्रा डॅनिओ (ग्लोफिशमधली पहिली जात) पाण्याच्या अगदी वरच्या थरात आले, तोंडं उघडी, कल्ले भराभर हलतायत. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून मी वर खायला घातलं. संध्याकाळी निळा दिवा लागला. लेक टाकीला नाक लावून म्हणाली, "बाबा, नारिंगीवाला बघ ना किती छान चमकतोय. झोपलाय." तो तासाभरापूर्वीच गेला असावा. फिल्टरच्या धारेने हळूहळू गोल फिरत होता, आणि होता मात्र पेटलेल्या निखाऱ्यासारखा नारिंगी. रात्रीपर्यंत चार गेले.

यातली दुसरी गोष्ट बाटलीइतकीच महत्त्वाची आहे, म्हणून इथेच सांगतो. या माशांची चमक ही त्यांच्या स्नायूंत तयार होणाऱ्या प्रथिनाची असते. १९९९ च्या सुमारास सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झियुआन गाँग यांच्या गटाने जेलीफिशचं हिरवं चमकणारं जनुक झेब्रा डॅनिओच्या अंड्यात घातलं. उद्देश असा की पाणी दूषित असेल तर माशाने चमकून सांगावं. त्याचा पुढे शोभेचा मासा झाला, आणि तो बाजारात आणणारी कंपनी आमच्याच ऑस्टिनची होती. असो. मुद्दा असा की मासा मेला तरी प्रथिन लगेच जात नाही, निळ्या उजेडात मेलेला मासाही चमकतो. साध्या माशाचा रंग उतरला की आपण सावध होतो. इथे रंगावर भरवसा नाही. कल्ल्यांची गती बघा, पर मिटलेत का बघा, कोपऱ्यात एकटा पडलाय का बघा, खायला पुढे येतोय का बघा. आणि दिवसातून एकदा निळा दिवा बंद करून साध्या पांढऱ्या उजेडात बघा. निळ्या उजेडात पांढरे ठिपकेसुद्धा (माशांचा एक नेहमीचा रोग) नीट दिसत नाहीत.

आता बाटली घेताना. लेबलवर नुसतं 'क्लोरीन काढतं' लिहिलं असेल तर परत ठेवा. क्लोरामाइन हा शब्द हवा, आणि सुटणारा अमोनिया बांधून ठेवतं असंही लिहिलेलं हवं. कारण स्वस्तातली औषधं जोडीतलं क्लोरीन मोडतात आणि अमोनिया टाकीत मोकळा सोडतात, म्हणजे एका विषातून दुसऱ्यात. त्यात इथलं पाणी चुन्याने मऊ केलेलं, अल्कलीकडे झुकणारं, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो. आपण हेच पाणी पितो आणि काही होत नाही, कारण आपल्या पोटात क्लोरामाइन मोडून जातं. माशाच्या कल्ल्यांतून ते थेट रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. डायलिसिसच्या पाण्यातूनही ते आधी काढून टाकावं लागतं ते याच कारणाने. हे मला एका मैत्रिणीने सांगितलं. ती डायलिसिस सेंटरमध्ये नर्स आहे, आणि तिने ते ज्या नजरेने सांगितलं ती नजर मी विसरलेलो नाही.

मात्रा बाटलीवर असते ती, अंदाजपंचे नाही. बादलीत औषध घालत असाल तर बादलीच्या पाण्यापुरतं, थेट टाकीत घालणार असाल तर अख्ख्या टाकीच्या मापाने. आणि औषध आधी, पाणी नंतर.

टाकी. डॅनिओंना कमीत कमी १० गॅलन, म्हणजे ३८ लिटर. ते पळणारे मासे आहेत. लांबट टाकी घ्या, उंच शोभेची नको, गोल भांडं तर नकोच. टेट्रा (ग्लोफिशमधलीच दुसरी जात) हवे असतील तर २० गॅलन. टाकी भरली की बरीच जड होते, तेव्हा आयकियाच्या डुगडुगत्या स्टुलावर ठेवू नका. झाकण हवंच, डॅनिओ उड्या मारतात. फिल्टर, थर्मामीटर, हीटर, जाळी, सायफनची नळी, हे दुकानदार सांगेलच. खडे साबणाने धुऊ नका. पाणी तपासायचं टेस्ट किट पट्ट्यांचं नको, थेंबांचं घ्या. महाग वाटेल, पण घ्याच.

बादली मात्र नवी आणा, फक्त टाकीसाठी. आमच्या बादलीवर जाड मार्करने 'औषध घातलं का?' असं लिहिलंय. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना वाटलं घरात कुणी आजारी आहे.

दिवा. खोक्यावरच्या फोटोमुळे सगळ्यांचा समज होतो की हे मासे काजव्यासारखे अंधारात चमकतात. नाही चमकत. निळा उजेड पडला की तो शोषून दुसऱ्या रंगाचा उजेड बाहेर टाकतात, दिवा बंद झाला की चमकही बंद. म्हणून मुलं दिवा बंद करू देत नाहीत, आणि बेडरूममध्ये टाकी असेल तर तोच रात्रीचा दिवा होऊन बसतो. तसं करू नका. माशांना पापण्या नसतात, त्यांना रोज पूर्ण अंधार लागतो. शिवाय दिवा सतत चालू ठेवला की काच शेवाळाने हिरवी होते. दिवसाला आठ तास पुष्कळ झाले. दहा डॉलरचा टायमर लावा आणि वाद मिटवा. आणि हे रंग टोचलेले नाहीत, जन्मजात आहेत. बाजारात सुईने रंग भरलेले मासेही मिळतात. ती वेगळी गोष्ट आहे, क्रूर आहे, ते घेऊ नका.

आता सगळ्यात कंटाळवाणा भाग. टाकी भरली की मासे त्याच दिवशी आणायचे नाहीत. चार ते सहा आठवडे थांबायचं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ही वस्ती फिल्टरच्या स्पंजात बसायला वेळ लागतो. रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाका किंवा शुद्ध अमोनिया मोजून घाला, आणि टेस्ट करत राहा. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर आला, नायट्राइटही शून्य, नायट्रेट दिसायला लागलं, की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला मळका स्पंज मिळाला तर सोन्याहून पिवळं, वेळ बराच वाचतो. मुलांना सहा आठवडे रिकामी टाकी दाखवणं अवघड आहे, मान्य. आम्ही कॅलेंडर लावलं होतं. लेकीने त्यावर रोज एक मासा काढला.

आणि हो, या जिवाणूंनाही क्लोरामाइन मारतं. पाण्यातले जंतू मारायलाच ते घालतात ना! तेव्हा मासे नसताना भरायचं पहिलं पाणीसुद्धा बाटलीतलं औषध घालूनच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, मळका राहिला तरी चालेल. एका ओळखीच्या बाईंनी तो चकचकीत धुतला, डिशवॉशरमध्ये टाकायच्या बेतात होत्या. चौथ्या दिवशी अमोनिया वर.

मासे किती? डॅनिओ एकेकटे नको, कमीत कमी सहा. ते थव्याने राहणारे, एकटा पडला की घाबरतो नाहीतर दुसऱ्यांना चावत सुटतो. रंग वेगवेगळे चालतात, जात एक ठेवा. टेट्राही थव्यानेच. बार्ब ही आणखी एक जात खोडकर, लांब पर असलेल्यांचे पर कुरतडतात. ग्लोफिशमध्ये आता बेट्टाही (लढाऊ मासा) मिळतो, तो दिसला म्हणून या टोळीत घालू नका. डॅनिओंना पाणी २३-२४ अंशांना छान, टेट्रांना एखाद-दोन अंश जास्त. चमकतात म्हणून यांना खास खाणं लागत नाही. साधे बारीक दाणे किंवा फ्लेक्स, दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एक-दोनदा. सहाही मासे एकदम आणू नका, तीन आधी, दोन आठवड्यांनी तीन. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, दुकानाचं पाणी सिंकमध्ये ओता.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. बादली, औषध, ढवळा, हाताला टाकीच्या पाण्याइतकंच कोमट लागतंय ना बघा, मग ओता. पाणी रात्रभर ठेवलं म्हणून औषध वाचत नाही. उकळलं म्हणूनही वाचत नाही, क्लोरामाइन घालवायला किती वेळ उकळावं लागेल याचा हिशोब करायला बसू नका. फ्रिजच्या फिल्टरचं पाणी? तेही भरवशाचं नाही. मधल्या काळात पाणी वाफ होऊन उतरतं आणि आपण सहज एक तांब्या नळाचं ओततो. त्या तांब्यालाही औषध. माझ्या मेहुण्याने विचारलं, "एका तांब्याने काय होतंय?" एकाने नाही होणार कदाचित. पण सवय तांब्याची लागते आणि एक दिवस बादली येते.

टेक्सासबद्दल दोन ओळी. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या थंडीत इथे कित्येक घरांची वीज गेली होती, ते आठवा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. टाकीभोवती चादरी गुंडाळल्या तर उष्णता टिकते. उन्हाळ्यात गावाला जाताना एसी पूर्ण बंद करू नका.

गावाला जाताना शेजाऱ्यांना खाण्याच्या पुड्या दिवसवार करून द्या. डबा हातात दिला की ते प्रेमाने मुठीने घालतात. पाण्याला हात लावू नका म्हणून सांगा. लावलाच तर बाटली कुठे आहे ते दाखवून ठेवा.

अंडी घातली तर? डॅनिओ स्वतःच खाऊन टाकतात, राहू द्या. मुद्दाम पैदास करायला, पिल्लं विकायला किंवा कुणाशी अदलाबदल करायला कंपनी परवाना देत नाही, विकतानाच तशी अट असते.

नको झाले तरी ओढ्यात, तळ्यात सोडू नका. ब्राझीलमध्ये हे मासे शोभेच्या मत्स्यशेतीतून निसटून ओढ्यांत पोचल्याचं संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलंय, आणि तिथे त्यांची वीणही होतेय. इथल्या बार्टन स्प्रिंग्ज झऱ्यांतल्या दुर्मीळ सॅलमँडरला आधीच पुरेशा काळज्या आहेत. दुकानात परत घेतात का विचारा, नाहीतर मंडळात कुणाला तरी द्या. भारतात न्यायचा विचार तर नकोच. जनुक बदललेला कुठलाही जीव आणायला तिथे १९८९ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या समितीची परवानगी लागते, आणि मूळचा झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला, म्हणजे तो तिथे सहज मिसळेल. सासूबाईंनी डोंबिवलीच्या नातवंडांसाठी एक जोडी मागितली होती. मी फोटो पाठवले.

आजारांची औषधं, मीठ, पांढऱ्या ठिपक्यांचे उपाय वगैरे नंतर कधीतरी. आजारी मासा वेगळ्या डब्यात काढून ठेवा, एवढं आत्ता पुरे. त्या डब्यातल्या पाण्यालाही बाटली. आमची या महिन्याची संपत आलीय, मी आणायला चाललोय, कुणाला हवी असेल तर सातच्या आत सांगा.