आर्मबारच्या पायऱ्या नको, कोपर बघा

बेळगाव, निपाणीकडच्या तालमीतनं जिउ-जित्सूला (जमिनीवर पकडी, डाव लावून समोरच्याला हार मानायला लावायचा खेळ) आलेल्या पोरांनो, आर्मबारच्या (हात सरळ ताणून कोपर उलटं दाबायच्या डावाच्या) पायऱ्या पाठ करत बसू नका, समोरच्याचा खांदा अडकवायचा, गुडघे आवळायचे, त्याचं कोपर आपल्या कमरेच्या अलीकडं पोटाकडं ओढायचं, एवढं जमलं की गार्डमधनं (आपण खाली, पाय त्याच्याभोवती) लावा नाहीतर माउंटवरनं (त्याच्या अंगावर बसून), बाकीचं आपोआप सुचतंय. (अगदीच नवीन असाल तर सुरुवातीला पायऱ्याच बऱ्या, नाहीतर हात कुठं ठेवायचा तेच कळत नाही.)

खरी अडचण सवयीची आहे बघा. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून खाली पडलं की आपण पालथं होतोय, आणि इथं नेमकं तेच महागात पडतंय, समोरच्यानं मागनं दोन्ही हुक घातले, म्हणजे पाय आपल्या मांड्यांच्या आत अडकवले, की 4 पॉइंट गेले आणि गळाही त्याच्या हातात. पाठीवरच राहा की, कोपर-गुडघा जवळ ठेवून पाय मधे घाला.