दुसरा गिटार ॲम्प निवडताना पहिला सोबत न्या

एकच गिटार एकाच वेळी दोन ॲम्पमधून वाजवायची म्हणून दुसरा ॲम्प बघायला निघालात की पहिला आधी गाडीत ठेवा. दुकानात एकटा वाजवून आवडलेला ॲम्प तुमच्या ॲम्पशेजारी कसा वाजेल, हे कुठलाही व्हिडिओ तुम्हाला सांगू शकत नाही.

आधी आपल्या ॲम्पमध्ये काय कमी आहे ते ठरवा. माझ्याकडे फेंडर डिलक्स रिव्हर्ब आहे, २२ वॅटचा, १२ इंची एका स्पीकरचा. आवाज स्वच्छ, बास-ट्रेबल भरपूर, पण मिड, म्हणजे मधले सूर, दबलेले. ड्रम सुरू झाले की माझी गिटार मागे जायची. फेंडर, वॉक्स आणि मार्शल ही तीन घराणी समजा. १९६२ च्या सुमारास मार्शलने पहिला ॲम्प फेंडर बासमनच्या सर्किटवरूनच बेतला, तरी त्याची गायकी वेगळीच झाली. आपल्याच घराण्यातला दुसरा ॲम्प घेतलात तर आवाज वाढेल, रंग वाढणार नाही. मी वॉक्स एसी१५ घेतला.

वॅटवर वाद घालू नका. वॅट दुप्पट झाले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि तेवढा फरक ९७ ऐवजी १०० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकरही पाडतो. २२ वॅटशेजारी १५ वॅट आरामात उभे राहतात.

आता ज्या टप्प्यावर मी महिना घालवला तो. दोन्ही ॲम्प एकटे सुरेख वाजत होते. एकत्र लावले की आवाज पातळ, जणू कोणी बास काढून घेतला. मी नॉब फिरवत राहिलो, जागा बदलली, नवा स्पीकरसुद्धा घातला. दोष फेजचा होता. एकाच्या स्पीकरचा पडदा बाहेर येत होता, त्याच क्षणी दुसऱ्याचा आत जात होता. अशा वेळी सगळ्यात आधी बास मरतो.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे स्पीकरला दीड व्होल्टचा सेल लावून पडदा कुठे जातो ते बघा. त्याने फक्त स्पीकर कळतो. ॲम्पमधला ट्यूबचा (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा) बहुतेक प्रत्येक टप्पा सिग्नल उलटा करतो. टप्पे सम की विषम, त्यावर शेवटी काय बाहेर पडेल ते ठरतं. डिलक्स रिव्हर्बला व्हायब्रेटो आणि नॉर्मल असे दोन चॅनेल, म्हणजे सिग्नलच्या दोन वाटा आहेत, आणि त्यांची फेजसुद्धा एकमेकांच्या उलट आहे. मी केबल व्हायब्रेटो चॅनेलमधून काढून नॉर्मलमध्ये घातली आणि बास धाडकन परत आला. पण त्या चॅनेलला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमार, नाही, म्हणून तो उपाय म्हणून चालला नाही.

तपासणी अशी करा. दोन्ही ॲम्प शेजारी, तोंडं एका रेषेत. एक हातभर मागे सरकला तरी ऐकण्यात फसाल. क्लीन आवाज, दोन्ही सारख्या पातळीवर. जाड ई तार छेडा, मग दुसरा ॲम्प चालू करा. बास भरला तर ठीक, घटला तर फेज उलट. मग ॲम्प बंद करून प्लग काढा आणि एकाच स्पीकरवरच्या दोन तारांची अदलाबदल करा. सर्किटच्या पेटीत हात घालू नका, कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दुसरा त्रास भणभणीचा. दोन्ही ॲम्प आपापल्या तीन पिनांतून अर्थला जोडलेले आणि गिटारच्या केबलनेही एकमेकांशी जोडलेले, असा वेढा तयार होतो. एका दुकानात मला सांगितलं, एकाची अर्थची पिन काढून टाका. मी ऐकलं. तालमीत हात तारांवर असताना ओठ माईकला लागला आणि जो झटका बसला तो अजून विसरलो नाही. १९७२ साली स्वान्सीमध्ये लेस हार्वी हा गिटारवादक अर्थिंगच्या अशाच दोषामुळे माईकला हात लावताच मंचावरच मरण पावला. अर्थ तोडायचा नाही, कोणीही सांगितलं तरी नाही. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावा. तरी भणभण राहिली तर एबीवाय पेडल, म्हणजे गिटारचा सिग्नल दोन ॲम्पना वाटणारी डबी, घ्या, पण एका आउटपुटला हा वेढा तोडणारा ट्रान्सफॉर्मर असलेलं. त्यावर फेजचा स्विच असेल तर स्पीकरच्या तारांनाही हात लावावा लागत नाही.

जुना ॲम्प घेताना मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टचा अमेरिकन असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि वजन किमतीत धरा. विकणारा तुमचा ॲम्प शेजारी लावून वाजवू देत नसेल तर परत या.

घरी आणल्यावर दुसऱ्याचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा. तो वेगळा ऐकू येऊ लागायच्या जरा आधी थांबा. मी तिथे टेपचा तुकडा चिकटवून खूण केली आहे.