जुना लहान ट्रॅक्टर: पारखून घेणं आणि नीट उभा करणं

मोसंबीच्या किंवा डाळिंबाच्या बागेत पन्नास एचपीचा ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात आणि झाडाजवळची काळी माती दबून बसते. तिथं १८ ते २५ एचपीचंच यंत्र हवं. नवं परवडत नसेल तर जुनं घ्यावं, पण जुन्यातही दोन जाती असतात. एक हेळसांड झालेला: रंग उडालेला, पत्रा गंजलेला, टायर तडकलेले. दुसरा आतून झिजलेला, आणि विकण्यापूर्वी रंग मारून चकचकीत केलेला. पहिला थोड्या पैशांत उभा राहतो, दुसरा घेतलेल्या किमतीएवढाच खर्च पुन्हा मागतो. खरेदीची सगळी कसोटी हा फरक ओळखण्यात आहे.

कोणता घ्यावा

ट्रॅक्टर पाहायला जाण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणच्या दोन-तीन स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारून घ्या: या मॉडेलचं लायनर-पिस्टन किट (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), क्लच प्लेट आणि हायड्रोलिकचा सील किट मिळतो का? उत्तर "मागवावं लागेल" असं आलं तर किंमत पाडून मागा, आणि "आता येत नाही" असं आलं तर तो नाद सोडा.

स्वराज ७२४ पंजाब ट्रॅक्टर्सनं १९७४ मध्ये बाजारात आणला. दोन सिलिंडर, साधी रचना; तो उघडून बसवणारा मिस्त्री शोधावा लागत नाही. एचएमटी २५११ हा झेटर या चेक कंपनीच्या ट्रॅक्टरच्या वंशातला, लोखंडाला फार चांगला, पण एचएमटीचं ट्रॅक्टर उत्पादन २०१६ मध्ये बंद झालं, म्हणून त्याच्या गिअरबॉक्सची तपासणी दुप्पट कडक करा. बंगळुरूच्या व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती १८० डी तीन सिलिंडरचा, १८.५ एचपीचा, बुटका आणि अरुंद असल्यानं दाट बागेला हाच सोयीचा.

आयशर २४१ बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मराठवाड्याच्या पाण्याचा आणि त्याचा संबंध आहे. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. ते वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांत आणि ब्लॉकच्या जॅकेटमध्ये क्षार धरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत इंजिन तापतं. आयशर २४१ ला रेडिएटरच नाही. एकच सिलिंडर, १५५७ सीसी, हवेवर थंड होणारं. ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नवं करायला, एक लायनर, एक पिस्टन, एक नोझल (डिझेल फवारणारा भाग), एवढाच खर्च. पण त्याची पथ्यं वेगळी. सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पंख्यांमध्ये (फिन्समध्ये) धूळ, भुसा आणि गळलेलं ऑइल यांचा थर बसला की हवा पोचत नाही आणि पिस्टन धरतो, म्हणजे अडकून बसतो. ब्लोअरचा (हवा मारणाऱ्या पंख्याचा) पट्टा तुटला तर तिथल्या तिथं इंजिन बंद करायचं, घरापर्यंत न्यायचं नाही. आणि एका सिलिंडरचं इंजिन असल्यानं तो मंद चालीवर हलणारच. त्याला दोष समजू नका, पण त्या हादऱ्यांनी सैल होणारे माउंटिंगचे नट-बोल्ट आणि पत्र्यातल्या चिरा जरूर पाहा.

पाहणी: सकाळी, थंड इंजिनावर

मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात इंजिनाला लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. सोबत टॉर्च, स्वच्छ पांढरी चिंधी, लोहचुंबक आणि एक जॅक न्या.

चालू करण्याआधी डिपस्टिक काढून चिंधीवर पुसा. इंजिन ऑइल काळं असणं ठीक. दुधाळ असेल तर पाणी उतरलंय. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहा. असेल तर हेड गॅस्केट, हेड किंवा लायनरच्या सीलचा संशय धरा. गिअरबॉक्सचं तेलही असंच तपासा. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी आत जातं, आणि ते वेळीच बदललं नाही तर बेअरिंगा गंजतात.

आता चालू करा. थंडीत सुरुवातीला पांढरा धूर येऊन दोन-तीन मिनिटांत थांबला तर चिंता नाही. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर कॉम्प्रेशन किंवा नोझल गेलंय, नाहीतर पाणी जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोड देताना सतत काळा धूर म्हणजे एअर क्लीनर तुंबलाय किंवा पंप जास्त डिझेल देतोय. मग ऑइल भरायचं झाकण उघडा. हलकी वाफ चालते; फक-फक करत धूर बाहेर पडत असेल, ऑइलचे शिंतोडे उडत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे लायनर-रिंग झिजल्या. एका सिलिंडरच्या इंजिनात झाकणातून थोडे ठोके जाणवतातच, तिथं धुराचं प्रमाण पाहा, ठोके नव्हे.

अर्धा तास चालवून तेल गरम झालं की हायड्रोलिक तपासा. थंड, घट्ट तेलावर खराब लिफ्टही वजन धरून ठेवते, म्हणून ही परीक्षा गरम तेलावरच घ्यायची. मोगडा (कल्टिव्हेटर) जोडून वर उचला आणि इंजिन बंद करा. मोगडा दहा मिनिटांत जमिनीला टेकला तर ओ-रिंग, लिफ्ट पिस्टन किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी गळतंय. उचलताना धक्के देत असेल तर पंप किंवा तुंबलेला गाळणा.

क्लच पाहण्यासाठी मोकळ्या, सपाट जागी ब्रेक पूर्ण दाबून मोठा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच करा. प्रत्येक गिअरमध्ये चालवताना एकदम थ्रॉटल कमी करा. गिअर उडी मारून बाहेर येत असेल तर आतले दाते किंवा शिफ्टर फोर्क झिजलेत, आणि हे काम महागडं. शेवटी पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर हबच्या बेअरिंगा किंवा किंगपिन-बुश बदलायचे. हा खर्च किरकोळ, यासाठी व्यवहार मोडू नका.

व्यवहार मोडावा अशी गोष्ट म्हणजे वेल्डिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं हाउसिंग आणि मागच्या अॅक्सलची दोन्ही बाजूंची हाउसिंग टॉर्च मारून बारकाईनं पाहा. बिडाचं वेल्डिंग पुन्हा तडकतं. जिथं रंग जाड वाटेल तिथं चुंबक लावा. धरत नसेल तर खाली पोटीन (लांबी) आहे. उसाची गाडी ओढलेला ट्रॅक्टर ट्रॉलीच्या हुकावरून ओळखू येतो: भोक गोल न राहता लांबट झालेलं असतं. मीटरवरच्या तासांपेक्षा क्लच-ब्रेकच्या पॅडलची झीज आणि स्टेअरिंगचा मोकळा फेरा यांवर विश्वास ठेवा.

कागद

आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि ट्रॅक्टरवर ठोकलेला नंबर पेन्सिलीनं कागदावर उमटवून जुळवा. इंजिन नंबरही जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि बुकात नोंद नसेल तर ती आधी मालकानं करून द्यावी. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातून आणलेल्याला तिथल्या आरटीओ कार्यालयाची फॉर्म २८ वरची एनओसी. नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करावं लागतं. ते थकलेलं असेल तर कोण भरणार हे इसारापूर्वी ठरवा.

किंमत पाडायची तर वेळही पाहा. पेरणीच्या तोंडावर कोणी कमी करत नाही. गुढीपाडव्याला नवे ट्रॅक्टर घेताना एक्स्चेंजमध्ये दिलेले जुने नंतर डीलरच्या आवारात उभे असतात, तेव्हा बोलणी चांगली होतात. दुरुस्ती मात्र रब्बीची पेरणी उरकल्यावर काढावी, म्हणजे उन्हाळी मशागतीला यंत्र तयार राहतं.

उघडताना

आधी डिझेल आणि साबणानं धुऊन घ्या. एअर क्लीनरचं तोंड, सायलेन्सर आणि डायनामो प्लास्टिकनं बांधून. प्रत्येक जोड सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून फोडायचा, म्हणजे दोन भागांत सोडवायचा असेल तर पुढचा अॅक्सल आणि त्याचा सपोर्ट यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका. अॅक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळे पाचरी नसतील तर जोड सुटताच इंजिन एका अंगाला कलंडतं आणि माणूस सापडतो. दोन्ही अर्धांना वेगवेगळे घोडे (आधाराचे स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको.

इंजिन उघडलं तर अंदाजानं किट टाकू नका. बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये लायनर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजून घ्या. झीज सगळ्यांत जास्त वर, पहिली रिंग फिरते तिथं असते. क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) मोजून गरजेपुरताच घासा: १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.२५ मिमी, मग २०, मग ३०. आधीच ३० झालेला क्रँक असेल तर पुढं वाव फार थोडा. बेअरिंग ग्राइंडिंगच्या आकड्याचंच घ्या, आणि क्रँकची ऑइलची भोकं तार घालून, डिझेल मारून धुतल्याशिवाय बसवू नका. घासलेल्या लोखंडाची पूड तिथंच अडकते.

नवी रिंग एकटी लायनरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट फिलर गेजनं पाहा. १०० मिमी बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिमी. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात, रिंग मोडते आणि लायनर ओरखडतो. बसवताना रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं आवळा. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या, आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फटही.

पाण्याच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर पितळी असेल तर क्षार काढायला १० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा घालून भरा, थर्मोस्टॅट काढून तासभर मंद चालवा, थोडं निवल्यावर ते पाणी काढून टाका आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवा. अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला सोडा लावायचा नाही. पुढं बोअरचं पाणी बंद. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

डिझेलचा पंप आणि नोझल घरी उघडू नका, टेस्टिंग मशीन असलेल्या दुकानातच द्या. बसवल्यावर हवा काढा: फिल्टरचा वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे संपले की आवळा, मग पंपाचा स्क्रू तसाच, शेवटी नोझलच्या पाइपचा नट सैल करून सेल्फ (स्टार्टर) मारा, डिझेल उसळायला लागलं की आवळा. त्या नटाजवळ बोट ठेवू नका, दाबाचं डिझेल कातडीत शिरतं.

वायरिंग जुनी असेल तर तुकडे जोडण्यापेक्षा पूर्ण हार्नेस बदला. बॅटरी बंद इंजिनावर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवला पाहिजे. सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरी बदलण्यापूर्वी अर्थिंगची केबल घासून घट्ट करा. पान्यानं सेल्फ डायरेक्ट मारायची सवय मात्र सोडाच. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर अंगावर येतो.

रंग सगळ्यात शेवटी. गंज तारेच्या ब्रशनं किंवा सँडब्लास्टिंगनं काढा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर द्या. मेच्या दुपारी फवारलेला रंग पत्र्यावर पडण्याआधीच सुकतो आणि खरखरीत होतो, पावसाळ्यात ओल धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. चेसिस नंबरवर ग्राइंडर किंवा पोटीन जाऊ देऊ नका, नाहीतर आरटीओत तपासणीला अडकाल.

पहिले ५० तास अर्ध्या-पाऊण लोडवर चालवा. नुसता मंद चालीवर तासन्‌तास ठेवूही नका, त्यानं रिंगा बसत नाहीत. ऑइल बाथ एअर क्लीनर धुळीच्या कामात रोज उघडून पाहा, तळाशी गाळ साचला की ऑइल बदला, खुणेपर्यंतच भरा. ५० तासांनी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, मॅन्युअल सांगत असेल तर हेडचे नट पुन्हा आवळा, टॅपेट तपासा, आणि मागच्या चाकांचे बोल्टही.