ठिबकचा टायमर: सोल्डरिंगआधी सिम्युलाइडवर

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागेत बटण दाबलं की ठिबकचा व्हॉल्व्ह उघडून 20 मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर सहज होतो. पण सोल्डरिंगला बसण्याआधी प्रोग्रॅम सिम्युलाइडवर चालवून बघाच. सर्किट संगणकाच्या स्क्रीनवरच चालवून दाखवणारं हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्सवर चालतं.

आर्डुइनोच्या आयडीईत, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्केच मेनूतून ‘एक्स्पोर्ट कम्पाइल्ड बायनरी’ करा. दोन हेक्स फायली (चिपला कळणाऱ्या रूपातला प्रोग्रॅम) मिळतात. नावात ‘विथ बूटलोडर’ असलेली सोडून दुसरी घ्या. सिम्युलाइडच्या डावीकडच्या यादीतून उनो ओढून आणा. पिन 8 वरून 220 ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडी, मग ग्राउंड. हा एलईडी म्हणजे आपला व्हॉल्व्ह. पिन 2 आणि ग्राउंडमध्ये पुश बटण, आणि प्रोग्रॅममध्ये त्या पिनला इनपुट-पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन ‘हाय’ ठेवणारी सोय). उनोवर राइट-क्लिक करून हेक्स लोड करा आणि सर्किट चालू करा. प्रोग्रॅम बदलला की हेक्स नव्याने काढून पुन्हा लोड करायची, नाहीतर जुनाच प्रोग्रॅम चालत राहतो.

आता एलईडीवर नजर ठेवा. वेळ 20 गुणिले 60 गुणिले 1000 अशी लिहिली असेल, तर तो 20 मिनिटं नाही, 20 सेकंदांतच विझेल. उनोच्या एटीमेगा 328 चिपसाठी साधा ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) 16 बिटांचा, म्हणजे कमाल 32767. गुणाकार 12,00,000 होतो, तो त्यात मावत नाही आणि उरतात 20,352 मिलिसेकंद. व्हेरिएबल ‘अनसाइन्ड लाँग’ (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) केलं तरी भागत नाही, कारण गुणाकार आधी इंटमध्येच होतो. पहिल्या 20 ला ‘यूएल’ (अनसाइन्ड लाँगची खूण) जोडा. आयडीईत कम्पायलरच्या वॉर्निंग्ज चालू ठेवल्या तर ही चूक तिथेच दिसते. मुळात त्या बंद असतात, म्हणून कळत नाही.

घड्याळ लावून मोजताना वर दिसणारा वेगाचा टक्का बघा. तो 50 असेल तर 20 मिनिटांना 40 लागतील. तेव्हा प्रोग्रॅमला दोष देऊ नका.

विजेच्या बाजूला मात्र सिम्युलेटरवर विसंबू नका. स्क्रीनवर पिन जळत नाही. व्हॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या खऱ्या 5 व्होल्टच्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल साधारण 70 मिलिअँपिअर ओढते आणि उनोच्या पिनची कमाल मर्यादा 40 आहे. म्हणून मध्ये बीसी 547 ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला 1 किलोओहमचा रेझिस्टर, आणि कॉइलवर उलटा 1एन4007 डायोड. डायोडची पट्टी 5 व्होल्टच्या बाजूला.